बेरिया ते ॲमहर्स्ट: ‘डीईआय’मागची जुनी गोष्ट

जानेवारी २०२५मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ‘डीईआय’विरोधी, म्हणजे विविधता, समता आणि समावेशनाच्या कार्यक्रमांविरोधी आदेश काढले. त्यानंतर अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांनी या नावाची कार्यालयं गुंडाळली; काहींनी नुसत्या पाट्या बदलल्या. हे सगळं कालपरवाचं फॅड होतं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. लिबरल आर्ट्स कॉलेजांचा, म्हणजे पदवीपर्यंतच शिकवणाऱ्या छोट्या निवासी कॉलेजांचा, इतिहास त्यांनी चाळलेला दिसत नाही.

ओहायोतल्या ओबरलिनने १८३५मध्येच कृष्णवर्णीयांना प्रवेश द्यायचं ठरवलं. पण जास्त शिकवून जाते ती केंटकीतल्या बेरियाची कथा. गुलामगिरी कायदेशीर असलेल्या या राज्यात धर्मोपदेशक जॉन फी यांनी १८५५मध्ये शाळा काढली. १८५९मध्ये विरोधकांनी संस्थापकांना राज्याबाहेर हुसकावलं. यादवी युद्ध संपल्यावर ते परतले, आणि १८६६-६७च्या पटावर ९६ कृष्णवर्णीय होते, ९१ गोरे.

१८९२मध्ये बेरियाचे अध्यक्ष बदलले. नवे अध्यक्ष फ्रॉस्ट यांचा ओढा ॲपलेशियाच्या डोंगराळ भागातल्या गरीब गोऱ्यांकडे होता. कृष्णवर्णीयांचं प्रमाण कायद्याची वाट न बघताच घसरलं. मग १९०४चा ‘डे लॉ’ आला: गोरे-काळे एकत्र शिकवायला बंदी. वेगळी शाखा चालेल, पण किमान २५ मैल दूर! बेरिया सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०८मध्ये हरलं. कृष्णवर्णीयांसाठी १९१२मध्ये लिंकन इन्स्टिट्यूट ही वेगळी संस्था उघडावी लागली. १९५०मध्ये कायदा सैल झाला, तेव्हा कुठे बेरियाची दारं त्यांना पुन्हा उघडली.

टिकली ती फीमाफी. १८९२पासून बेरिया शिकवणी फी घेत नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला कॉलेजात काम करावं लागतं. मृत्युपत्रातून येणाऱ्या बिनअटीच्या देणग्या मूळ निधीतच टाकायच्या, असं विश्वस्तांनी १९२०मध्ये ठरवलं. अध्यक्षाच्या मर्जीवर चालणारं काम आणि निधीच्या व्याजावर चालणारं काम, यांतला फरक इथे दिसतो.

नामांकित कॉलेजांची भिस्त मात्र १९७८च्या बॅकी निकालाने दिलेल्या मुभेवर होती: प्रवेश देताना वंश हा अनेक निकषांपैकी एक धरता येई. जून २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट कॉलेजने तर २०२१मध्येच माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप बंद केलं होतं. तरीही २०२४च्या नव्या तुकडीत कृष्णवर्णीयांचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं.

आपल्याला जवळची एक नोंद: मेनमधल्या कोल्बी कॉलेजने २०२१मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचाही समावेश केला. २०२३चा निकाल प्रवेशापुरता होता. त्याने या तरतुदीला धक्का लागला नाही.