जागतिक सिनेमाचा अभ्यास : डब्यात जे उरलं त्याचा इतिहास

कादंबरीचा अभ्यास करणाऱ्याला कपाटातून पुस्तक काढून पुन्हा वाचता येतं. सिनेमाच्या बाबतीत ही सोय सुरुवातीची चार दशकं जवळपास नव्हतीच. थिएटरातून उतरलेला चित्रपट म्हणजे धंद्याच्या हिशेबात भंगार. फिल्मवरची चांदी काढून घ्यायची आणि बाकीचं फेकून द्यायचं. त्यात मूकपटांची नायट्रेट फिल्म केव्हा पेट घेईल याचा नेम नसे. त्यामुळे सिनेमाला कला म्हणणारे लोक लवकर पुढे आले, पण शिकवायला दाखवायचं काय, हा पेच बराच काळ तसाच राहिला.

पॅरिसमध्ये राहणाऱ्या रिचोत्तो कानुदो या इटालियन लेखकाने १९११ मध्ये सिनेमाला 'सहावी कला' म्हटलं. पुढे कलांच्या यादीत नृत्य आलं आणि सिनेमा सातवा झाला. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात भारतीय चित्रपटावर मराठीतून लेखमाला लिहिली. मॉस्कोत १९१९ मध्ये चित्रपटाची शाळा निघाली, तेव्हा तिथे कोरी फिल्मच मिळेना. मग तिथे शिकवणारा दिग्दर्शक लेव कुलेशोव विद्यार्थ्यांकडून फिल्मविनाच प्रसंग बसवून घेई आणि जुनी रिळं कापून-जोडून संकलन शिकवी. माझ्या मते टंचाईतून इतका सुपीक अभ्यासक्रम दुसरीकडे क्वचितच निघाला असेल.

खरा फरक पडला तो रिळं साठवणाऱ्यांमुळे. लंडनमध्ये १९२५ साली सुरू झालेल्या फिल्म सोसायटीच्या (सभासदांना चित्रपट दाखवणाऱ्या मंडळाच्या) संस्थापकांत आयरिस बॅरी होत्या. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्याकडे चित्रपट विभाग आला. चित्रांच्या शेजारी सिनेमाचे डबे ठेवणं तेव्हा अनेकांना थिल्लर वाटत होतं. बॅरींनी निवडक चित्रपटांचे संच करून विद्यापीठांत फिरवले. पॅरिसच्या आंरी लांग्ल्वाचा खाक्या उलटा होता. १९३६ मध्ये 'सिनेमातेक फ्रांसेज' हे चित्रपट संग्रहालय उभं करताना त्याने वयाची बाविशीही गाठली नव्हती. आज टुकार वाटणारा चित्रपट उद्या कुणाला मोलाचा वाटेल हे कसं सांगणार, म्हणून मिळेल ते सगळं जपायचं. गोदार, त्रुफो, रिव्हेत या पुढे गाजलेल्या फ्रेंच दिग्दर्शकांचं शिक्षण त्याच्या प्रेक्षागृहात झालं. फेब्रुवारी १९६८ मध्ये सरकारने त्याला पदावरून काढलं, तेव्हा हीच मंडळी रस्त्यावर उतरली आणि एप्रिलमध्ये त्याला परत घ्यावं लागलं.

भारतात सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला आणि इटालियन नववास्तववादाशी, म्हणजे युद्धानंतरच्या साध्या माणसांचं जगणं दाखवणाऱ्या चित्रपटांशी, अनेकांची पहिली गाठ तिथे पडली. १९६० मध्ये पुण्यात बंद पडलेल्या प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. आग्र्याला अर्थशास्त्र शिकवणारे सतीश बहादूर इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वाद शिकवू लागले. एकेक दृश्य थांबवून कवितेसारखं सोडवून दाखवायची त्यांची पद्धत रसास्वाद शिबिरांमधून देशभर गेली. ही पद्धत शक्य झाली, कारण शेजारी प्रिंट होत्या.

त्या आणल्या संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी. ते लांग्ल्वाच्या पंथाचे, म्हणजे काही टाकायचं नाही या मताचे. नाशिकला फाळक्यांच्या कुटुंबाकडून त्यांनी मिळवलेल्या रिळांमुळे फाळक्यांचा मूकपट 'कालिया मर्दन' आज बघता येतो. १९९१ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा संग्रह बारा हजारांच्या घरात होता. त्यात सुमारे आठ हजार भारतीय. तरी भारतात हजारावर मूकपट निघाले, त्यातले फारच थोडे हाती लागले. पुण्यातल्याच नायट्रेट रिळांना २००३ मध्ये आग लागली, ते नुकसान वेगळंच.

मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ आणि गावोगावच्या फिल्म सोसायट्या याच साठ्यावर आणि परदेशी वकिलातींच्या प्रिंटवर चालल्या. (सोसायट्यांना सेन्सॉरची सूट असे, काही सभासद केवळ तेवढ्यासाठी वर्गणी भरत, हेही खरं.) सोव्हिएत, पोलिश, चेक, फ्रेंच वकिलाती उदार होत्या. म्हणून त्या पिढीच्या तोंडी पोलंडचे वाय्दा आणि सोव्हिएत तारकोव्हस्की हे दिग्दर्शक होते, पण आफ्रिकेचे उस्मान सेंबेन क्वचितच. हा रुचीचा कौल नव्हता, डबे कुठून आले त्याचा परिणाम होता. ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन' या अमेरिकन चित्रपटाचंही तसंच. युद्धामुळे तो फ्रान्समध्ये १९४६ मध्ये पोचला, त्यावर तिथे वाद झडले. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने समीक्षकांकडून घेतलेल्या १९५२ च्या कौलात पहिल्या दहांतही नसलेला हा चित्रपट १९६२ ते २००२ अव्वल राहिला. २०२२ मध्ये पहिला नंबर शांताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेच्या १९७५ मधल्या चित्रपटाला मिळाला. तोवर समीक्षकांना चित्रपट घरबसल्या पुन्हा पुन्हा पाहता येऊ लागले होते.