हेडलाइट लागतात, म्हणून बॅटरी चांगली?

गाडी सुरू होत नसली, तरी ‘दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे, बिघाड स्टार्टरमध्येच (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरमध्येच)’ हा जुन्या गाड्यांबाबतचा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. वास्तविक दोन्ही हेडलाइटना मिळून साधारण 10 अँपिअर पुरतात, स्टार्टरला मात्र 100 हून अधिक लागतात. त्यामुळे थकलेली बॅटरी दिवे लावू शकते, पण इंजिन फिरवू शकत नाही. हेडलाइट लावून किल्ली फिरवून पाहावी. प्रकाश एकदम मंदावला, तर प्रथम बॅटरीच्या टर्मिनलवरचा (तारा जोडतात त्या टोकांवरचा) पांढरट-हिरवट थर खरवडून पकड घट्ट करावी, कारण नव्या बॅटरीचा खर्च पुष्कळदा एवढ्यानेच वाचतो. चार्ज केलेली बॅटरी मल्टिमीटरवर (व्होल्टेज मोजण्याच्या उपकरणावर) सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. किल्ली फिरवताना आकडा 9.6 च्या खाली घसरला, तर बहुधा बॅटरीच थकलेली असते. प्रकाश तसाच राहून नुसता ‘टक्’ असा आवाज आला, तर मात्र स्टार्टर किंवा त्याची वायरिंग तपासावी.