बायपासनंतरचा थकवा आणि बायपासनंतरचं नैराश्य: घरच्यांनी फरक कसा ओळखावा

बायपास किंवा अँजिओप्लास्टी होऊन माणूस घरी आला की पहिल्या एक-दोन महिन्यांत त्याच्यात शरीराचा थकवा दिसतो, कधी नैराश्य दिसतं, आणि लांबून दोन्ही एकसारखीच वाटतात. माणूस गप्प बसून असतो, ताटात अर्धी पोळी राहते, रात्री झोप लागत नाही, पेपर हातात असतो पण वाचला जात नाही. मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चाललेलं असतं, त्यामुळे प्रत्येकाचं आपापलं निदानही तयार असतं. मला फार खटकतं ते हे, की हे निदान पुष्कळदा उलटं असतं. ज्याला खरोखर धाप लागतेय त्याला "उगाच घाबरताय, मन खंबीर करा" असं ऐकावं लागतं, आणि जो मनाने खचलाय त्याला "पडून राहा, आराम करा" म्हणत गादीवरच ठेवलं जातं. म्हणजे दोघांनाही नेमका नको तो उपाय मिळतो.

आधी थकव्याचं बघू. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापून पुन्हा तारांनी बांधलेलं असतं. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरतं मजबूत व्हायला साधारण तीन महिने. तोवर चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नसतं. पाण्याची भरलेली बादली नाही, पिठाची पिशवी नाही, नातवंडही नाही. ऑपरेशनमध्ये रक्त गेल्याने हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. कुशीवर झोपायची सवय असलेल्या माणसाला उताणं झोपावं लागतं, म्हणून झोपेचं खोबरं होतं. त्यात नाडी संथ ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या सुरू असतात, आणि त्यांनी सुरुवातीला अंग जड वाटू शकतं.

अँजिओप्लास्टीवाल्यांची अडचण निराळी. मनगटावर किंवा जांघेत एवढीशी खूण, दोन-तीन दिवसांत घरी, त्यामुळे "स्टेंट टाकला, झालं की बरं" असं सगळे धरून चालतात. पण त्याआधी अटॅक आलेला असेल तर हृदयाच्या स्नायूला इजा झालेली असते आणि ती भरून यायला काही आठवडे जातात. बाहेर टाका दिसत नाही म्हणून आतलं दुखणं नाही असं होत नाही.

या थकव्याची ओळख अशी, की त्याला हिशेब असतो. अंघोळ केली, थकले. अर्धा तास बसले, जरा बरं वाटलं. काल पाहुणे फार आले, म्हणून आज गळून गेलेत. मागच्या आठवड्यात पॅसेजमध्ये चार फेऱ्या होत होत्या, या आठवड्यात सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन येतात. मध्ये एखादा वाईट दिवस येतो, पण महिन्याची चाल पुढेच असते. आणि मुख्य म्हणजे माणसाला करायचं असतं. जमत नाही म्हणून तो चिडतो, भाजीची पिशवी बायको उचलते म्हणून त्याला अपमान वाटतो. हे चिडणं दुखावणारं असलं तरी त्यात जीव आहे.

माझ्या सासऱ्यांच्या बायपासनंतर मला हा फरक पत्त्यांच्या डावात दिसला. एक मजला चढून यायला त्यांना मध्ये थांबावं लागे, शर्ट घालतानाही दम लागे. पण संध्याकाळी शेजारचे काका रमी मांडून बसले की पानं कोणी दडवली यावरून अण्णा पहिल्यासारखे भांडत. शरीर थकलेलं होतं, मन जागेवर होतं.

नैराश्यात नेमकं हेच हरवतं. जिथे ताकद लागतच नाही, तिथेही मन लागत नाही. क्रिकेटचा सामना सुरू असतो आणि स्कोअर काय हे विचारलं तर सांगता येत नाही. लेकीचा व्हिडिओ कॉल आला की "झोपलोय म्हणून सांग." सकाळी उठल्या उठल्या, काहीही केलेलं नसताना, अंग जड असतं आणि दिवसभर आराम करूनही ते जडपण उतरत नाही. बोलण्यात "मी तुमच्यावर ओझं झालोय", "माझ्या औषधपाण्यात सगळी शिल्लक गेली", "आता काय राहिलंय" अशी वाक्यं येऊ लागतात. काही पुरुष तर उदास आहे असं कधी कबूलच करत नाहीत. ते नुसते खेकसतात, नाहीतर गोळ्या घ्यायला टाळाटाळ करतात.

झोप, भूक, लक्ष न लागणं आणि थकवा ही लक्षणं दोन्हीकडे सापडतात, म्हणून त्यांच्यावरून निवाडा करू नये. डॉक्टर मंडळी सुरुवातीला दोनच प्रश्न विचारतात: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटत नाही, असं किती दिवस झालं? आणि मन खिन्न, निराश किंवा सगळं संपल्यासारखं किती दिवस वाटलं? बहुतेक दिवस असं उत्तर आलं तर पुढची सविस्तर तपासणी करायची. हे प्रश्न घरीही विचारता येतात. मात्र माणूस एकटा असताना विचारा, सगळं कुटुंब भोवती बसलेलं असताना खरं उत्तर मिळणार नाही.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पहिल्या काही आठवड्यांत डोळे भरून येणं, मरणाचा विचार मनात डोकावणं, रात्री छातीवर हात ठेवून ठोके मोजत बसणं, हे पुष्कळांना होतं आणि हळूहळू ओसरतं. मृत्यू इतक्या जवळून गेल्यावर माणूस हलणारच. पण ओसरायच्या ऐवजी ते रोजचं झालं, वाढत गेलं, की ते नैराश्य समजून डॉक्टरांना दाखवावं. हार्ट अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला गंभीर नैराश्य येतं, म्हणजे ही काही विरळा गोष्ट नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2014 मध्ये तर अटॅकनंतरचं नैराश्य हा हृदयाच्या पुढच्या प्रकृतीसाठीही धोक्याचा घटक मानावा असं सांगितलं. कारण समजायला कठीण नाही. खचलेला माणूस चालायला जात नाही, गोळी चुकवतो, सोडलेली सिगारेट पुन्हा ओढतो.

उपायही दोन वाटांनी जातात. थकव्यासाठी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायचं, गोळ्यांच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोलायचं. बीटा ब्लॉकर आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, ते धोक्याचं आहे. चालणं थोडं थोडं वाढवायचं. त्याचं साधं माप म्हणजे चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला थांबावं लागलं तर वेग जास्त झाला. मुंबईत यासाठी सपाट आणि बसायला जागा असलेला रस्ता शोधावा लागतो. शिवाजी पार्कचा कट्टा मला यासाठी फार आवडतो, कारण मैदानाभोवती कुठेही टेकता येतं. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सही चांगल्या. सकाळी लवकर जावं, उकाडा चढल्यावर नको, जेवल्यावर लगेच तर नाहीच. स्टेशनचा पूल आणि गर्दीची लोकल हा शेवटचा टप्पा. पूल चढता आला म्हणून ऑफिसच्या वेळची गाडी पकडू नये. हाड पुरतं जुळायच्या आधी गर्दीत छातीवर बसणारा एक कोपरही महागात पडू शकतो. कामावर जायचं ठरलं की निदान सुरुवातीला वेळ बदलून मागा.

नैराश्यासाठी समुपदेशन, ठरलेल्या वेळी उठणं-फिरणं आणि गरज असेल तर औषध. इथे "हृदयाच्या गोळ्या कमी आहेत का, त्यात आणखी डोक्याच्या गोळ्या" असं म्हणून घरचेच आडवे येतात. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध नुकत्याच अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांवर तपासलं गेलंय आणि हृदयाच्या दृष्टीने ते सुरक्षित असल्याचं 2002 मध्ये प्रसिद्ध झालं. जुन्या पद्धतीची काही नैराश्याची औषधं मात्र हृदयरोग्यांना टाळतात, म्हणून ओळखीच्यांची चिठ्ठी दाखवून दुकानातून काही आणू नये. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू असल्याचंही मनोविकारतज्ज्ञांना आवर्जून सांगावं, कारण सर्ट्रालिनसारख्या औषधांसोबत रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. नैराश्यावर उपचार केल्याने आयुष्य वाढतंच असं अजून सिद्ध झालेलं नाही. पण मन उभारी धरतं, दिवस पुन्हा आपले वाटू लागतात, आणि एवढं कारण मला पुरेसं आहे.

काही वेळा मामला थकव्याचाही नसतो आणि मनाचाही. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, पावलं सुजली, आडवं झाल्यावर गुदमरून उशा वाढवाव्या लागल्या, छातीच्या हाडात कटकट जाणवली, जखमेतून पू आला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. छातीत दुखणं, घाम फुटणं, भोवळ येणं असेल तर वाट बघत न बसता 108 ला फोन करा.

फॉलोअपच्या दिवशी ओपीडीत गर्दी असते, टाके आणि बीपी बघण्यातच वेळ जातो. रुग्ण "बरं आहे" म्हणून मोकळा होतो. म्हणून आठवडाभराचं कागदावर लिहून न्या: किती चालले, कशाने दमले, किती वेळात सावरले, आणि कशात मन रमलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सातही दिवस रिकामं असेल तर तो कागद आधी पुढे करा. तोवर कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली मानस ही हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. माणूस जीव नकोसा झाल्याचं बोलला तर मात्र फॉलोअपची तारीख बघू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा.