कोरडी त्वचा: तेलाआधी पाणी

हिवाळा सरला तरी नडग्यांवरचा पांढुरका कोंडा जात नाही आणि टाचांच्या भेगा भरत नाहीत, अशांना बहुधा दोन सल्ले मिळतात: भरपूर पाणी प्या आणि तेल लावा. पुरेसे पाणी पिणाऱ्याने आणखी पाणी प्यायल्याने त्वचेत फारसा फरक पडत नाही. तेलाचा उपयोग होतो, पण तो कसा, याचे उत्तर अमेरिकेतील संशोधक इर्विन ब्लँक यांनी १९५२ साली एका साध्या प्रयोगातून दिले. त्वचेच्या घट्ट्याचा वाळलेला तुकडा तेलात ठेवला तरी कडकच राहतो, पाणी मिळाले की मात्र लवचीक होतो, असे त्यांना आढळले. म्हणजे त्वचा मऊ करते ते पाणी. तेलाचे काम ते पाणी उडू न देणे हे आहे.

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात मृत पेशी असतात आणि त्यांच्यामधल्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले या मेदांनी बुजलेल्या असतात. पेशींच्या आत फिलॅग्रिन या प्रथिनाचे विघटन होऊन तयार होणारे लहान रेणू पाणी धरून ठेवतात. या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे काही घराण्यांत जन्मभराचा कोरडेपणा चालत येतो, हे २००६ साली स्पष्ट झाले. तेव्हा अशा व्यक्तीला निष्काळजी ठरवणे अन्यायाचे आहे.

कढत पाणी आणि साबण फटींतला हाच मेद धुऊन नेतात. त्वचेचा सामू (pH) साधारण ५, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, तर नेहमीच्या साबणाचा ९ ते १०, म्हणजे अल्कधर्मी. म्हणून अंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात आटोपावी, साबण काखा, जांघा आणि पावलांपुरता ठेवावा, आणि अंग टिपून ते ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल लावावे. कोकणात भेगांना कोकमाचे तेल लावतात, तेही पाय भिजवून लावल्यास अधिक उपयोगी पडते. जाड झालेल्या टाचांसाठी युरियायुक्त मलम चांगले. मात्र चिरलेल्या जागी ते झोंबते.

एवढे करूनही कोरडेपणा हटत नसेल, किंवा खाजेने झोपमोड होत असेल, तर थायरॉइड, मधुमेह आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. मधुमेहींनी तर टाचेची खोल भेग अंगावर काढूच नये, कारण तिच्यातून जंतुसंसर्ग आत शिरतो. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम खाज थांबवते खरे, पण दीर्घकाळ वापरल्यास आधीच दुबळी असलेली त्वचा आणखी पातळ करते.