तोतयाभाव

आपले यश खरे नाही, ते नशिबाने, कोणाच्या ओळखीने किंवा परीक्षकाच्या नजरचुकीने पदरात पडले आहे आणि आज ना उद्या आपले पितळ उघडे पडणार, अशी कर्तबगार माणसाच्या मनात घर करून राहणारी भीती म्हणजे तोतयाभाव. इम्पोस्टर सिंड्रोम या नावाने ती सर्वांना माहीत आहे; मराठीत रुळलेला शब्द नसल्यामुळे इथे तोतयाभाव हा शब्द योजला आहे. तोतया म्हटले की मराठी वाचकाला पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून मिरवलेला इसम आठवतो. आपण खोटे आहोत हे तोतयाला पक्के ठाऊक असते आणि लोकांनी खरे मानावे म्हणून त्याची धडपड चालते. तोतयाभावात सगळे उलटे असते. माणूस खरा असतो, लोकही त्याला खरा मानतात, फक्त त्याचे स्वतःचे मन साक्ष द्यायला तयार नसते.

पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये या भावनेचे पहिले नेमके वर्णन केले. पदव्या, मानसन्मान, वरिष्ठांची शाबासकी हे सगळे असलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांशी त्यांचा संबंध आला होता, आणि त्यांतल्या कितीतरी जणी स्वतःला हुशार मानायला तयार नव्हत्या. त्या दोघींनी याला सिंड्रोम म्हटले नव्हते. रोगाचा वास असलेले ते नाव मागाहून चिकटले. मानसिक विकारांच्या अधिकृत सूचींमध्ये याला आजही स्वतंत्र विकार म्हणून स्थान नाही, आणि ते योग्यच आहे. पुढच्या अभ्यासांत पुरुषांमध्येही ही भावना दिसून आली. २०२० मध्ये ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा तिचे प्रमाण कुठे ९ टक्के तर कुठे ८२ टक्के निघाले. एवढी तफावत पडते याचा अर्थ मोजपट्टीच अजून पक्की नाही.

ही भावना टिकून कशी राहते, याची रीत मात्र ठरलेली आहे. नवे काम आले की धास्ती वाटते. मग माणूस गरजेच्या दुप्पट तयारी करतो किंवा शेवटच्या दिवसापर्यंत टाळाटाळ करून एका रात्रीत काम उरकतो. काम चांगले झाले तर पहिला म्हणतो, ‘एवढे राबलो म्हणून निभावले’. दुसरा म्हणतो, ‘या वेळी नशिबाने तारले’. यशाचा धनी दर वेळी दुसराच कोणी ठरतो, म्हणून दहा यशांनंतरही अकराव्या वेळची धास्ती तेवढीच असते.

यशस्वी लोकांच्या घोळक्यात हा भाव बळावतो. माणूस स्वतःला आसपासच्या माणसांवरून जोखतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्ये मांडले. गुणवत्ता तेवढीच असली तरी सरासरीने अधिक हुशार असलेल्या शाळेत गेलेला विद्यार्थी स्वतःला कमी लेखू लागतो, हे हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. त्यात एक फसगत असते. स्वतःचा आपल्याला रियाज दिसतो, बेसूर पहाटेसकट. दुसऱ्याची मात्र मैफलच ऐकायला मिळते. या दोहोंची तुलना करून काढलेला निष्कर्ष चुकणारच.

गोव्यात या फसगतीला स्थानिक कंगोरे आहेत. सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून आलेली मुले पुढे इंग्रजीत शिकतात, घरी कोकणी बोलतात, आणि बारावीनंतर कोणी बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात तर कोणी फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पोचतात. झुआरीनगरला २००४ पासून बिट्स पिलानी या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेचे संकुल आहे, २०१६ पासून गोव्याला आयआयटीही आहे. तिथे देशभरातले पहिले-दुसरे आलेले विद्यार्थी एका बाकावर येतात. शिवाय प्रदेश लहान. ‘तू कोणाचो?’ या प्रश्नाला इथे उत्तर द्यावेच लागते, आणि उत्तरात डॉक्टर-वकिलांचे घराणे नसेल तर प्रश्न मनात रेंगाळतो. उलट घराणे असेल तर यश घराण्याच्या खाती जमा होते. दोन्हीकडून मुलाची स्वतःची कमाई नाकारली जाते.

बांबोळीच्या वॉर्डातला एक प्रसंग कल्पून पाहावा. सत्तरी तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी रुग्णाच्या खाटेशी उभी आहे. खाटेवरची म्हातारी कोकणीत सांगते, पाय सुजतात, आडवे झाले की धाप लागते, दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या परराज्यातल्या मुलाला ते कळत नाही, म्हणून ती त्याला हळूच समजावून देते. तेवढ्यात प्राध्यापक इंग्रजीत विचारतात. ती मनात वाक्य जुळवत असते, तोवर तो ‘ऑर्थोप्निया’, म्हणजे आडवे झाल्यावर लागणारी धाप, असे म्हणून मोकळा होतो; हृदयाचे पाहायला हवे, असेही सांगतो. रात्री वसतिगृहात तिला आपले गप्प राहणे तेवढे आठवते. त्याचे उत्तर तिच्या कानांनी ऐकलेले होते, ही गोष्ट हिशेबात येत नाही.

अशा मुलीला ‘आत्मविश्वास ठेव’ म्हणणे म्हणजे सगळा भार पुन्हा तिच्यावरच टाकणे. रुचिका तुलश्यान आणि जोडी-ॲन बुरी या लेखिकांनी २०२१ मध्ये हाच आक्षेप घेतला: जिथे काहींना सतत परके ठरवले जाते, तिथे त्या व्यक्तीला दुरुस्त करण्याआधी जागा दुरुस्त करावी. भाषा, जात, घराणे यांच्या उतरंडी जिथे शाबूत आहेत तिथे हा आक्षेप डावलता येणार नाही. संशोधक बसिमा ट्यूफिक यांना शिकाऊ डॉक्टरांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, ती त्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. स्वतःबद्दल असे विचार असलेले डॉक्टर रुग्णाशी वागण्या-बोलण्यात सरस ठरले आणि निदानात मागे पडले नाहीत. म्हणून काही ही भीती जपावी असे नाही. ती झोप खाते.

मात करण्याच्या उपायांत क्लान्स आणि आइम्स यांनी अशा स्त्रियांनी गटात बसून बोलण्याला महत्त्व दिले. समोरची बाई स्वतःला बनावट म्हणते तेव्हा तिचे म्हणणे किती निराधार आहे ते चटकन दिसते, आणि मग स्वतःचेही दिसू लागते. कोणी कौतुक केले आणि आपण ते कसे झटकले, याची नोंद ठेवायलाही त्या सांगत. आणखी एक उपाय असा: आपण ज्यांना फसवले असे वाटते, त्या प्रत्येकाला मनातल्या मनात समोर उभे करून ‘मी तुम्हाला असे फसवले’ म्हणून सांगायचे, आणि तो काय म्हणेल ते कल्पायचे. इतक्या जाणकारांना इतकी वर्षे फसवणे किती अवघड असते, हे इथे उमगते. उदासी, झोप उडणे, जगणे नकोसे वाटणे इथवर गोष्ट गेली असेल तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. गोव्यात बांबोळीलाच सरकारी मानसोपचार संस्था आहे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही हेल्पलाइन देशभर मोफत चालते.

पुढे गेलेल्यांनी आपली अपयशे उघड करणे हा सगळ्यांत परिणामकारक उपाय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संशोधक मेलनी स्टेफन यांनी २०१० मध्ये अपयशांचा बायोडाटा लिहिण्याची कल्पना मांडली. योहानेस हाउसहोफर या प्राध्यापकांनी २०१६ मध्ये नाकारलेले अर्ज आणि परत आलेले निबंध यांची आपली यादीच जाहीर केली. गोमंतकीय माणसाला ही रीत परकी वाटू नये. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर ज्या तालमीतून घडल्या, त्या पद्धतीत शिष्य गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसतो आणि एकच जागा पुन्हा पुन्हा घासली जाताना ऐकतो. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन तुटू द्यायचे नसते, म्हणून गटागटाने पाळ्या लागतात. अपरात्रीच्या पाळीला आवाज बसलेला असतो, कोणाचा ताल चुकतो, बाजूचा टाळ तो सावरून घेतो, आणि तो बसलेला आवाज पुढच्या गटाच्या हाती भजन सोपवून समईपासून बाजूला होतो.