बोर्डावरचा तो एक स्क्रू

‘या लॅपटॉपला यापुढे अपडेट मिळणार नाहीत.’ पडद्यावर एवढी एक ओळ उमटली, की चांगला चालता लॅपटॉप कपाटात जातो, नाहीतर भंगारात. औषधाच्या बाटलीवरची तारीख उलटली की आपण ती फेकून देतो, तोच न्याय लोक यंत्राला लावतात. पण औषध नासतं, प्रोसेसर नासत नाही. त्या तारखेला संपतं ते कंपनीनं दिलेलं आश्वासन.

स्वस्त लॅपटॉपांत याचं सर्वांत ओळखीचं उदाहरण म्हणजे क्रोमबुक, गूगलच्या क्रोमओएस प्रणालीवर चालणारे लॅपटॉप. २०११ पासून ही यंत्रं विकली जात आहेत. १० वर्षं अपडेट देऊ, असं गूगलनं २०२३ मध्ये जाहीर केलं. त्याआधी अनेक मॉडेलांची मुदत बरीच कमी होती. मग मुदत संपल्यावर त्यावर दुसरी एखादी मुक्त प्रणाली का टाकू नये? पेनड्राइव्ह लावून पाहिला तर यंत्र ढिम्म हलत नाही. गंमत अशी, की आत लिनक्स ही मुक्त प्रणालीच असते. त्याखालचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राला जागं करणारं मूळ सॉफ्टवेअर, तेही मुक्त आहे: कोअरबूट. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत ‘लिनक्सबायोस’ या नावानं ते सुरू झालं, २००८ मध्ये त्याचं नाव बदललं. कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे, तरी यंत्र कुलूपबंद. हे कसं जमतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

लॅपटॉप सुरू होताना पहिली आज्ञा एका छोट्या फ्लॅश चिपमधून येते. या चिपचा एक भाग नुसता वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. त्या भागात कंपनीची सार्वजनिक किल्ली ठेवलेली असते. तिच्या जोडीची खासगी किल्ली कंपनीच्या तिजोरीत. खासगी किल्लीनं केलेली सही सार्वजनिक किल्लीनं तपासता येते, पण बनवता येत नाही. चिपमधला हा पहिला भाग पुढच्या फर्मवेअरची सही तपासतो, ते फर्मवेअर कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, तपासतं आणि कर्नल डिस्कवरची बाकीची पूर्ण प्रणाली तपासतो. सही जुळली नाही, तर गाडी तिथंच थांबते.

पण पूर्ण प्रणाली तपासायची म्हणजे गिगाबाइटच्या गिगाबाइट वाचायचे. मग लॅपटॉप काही सेकंदांत सुरू कसा होतो? या प्रश्नाचं उत्तर मला संगणकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटतं. संगणकशास्त्रज्ञ राल्फ मर्कल यांनी ती १९७९ मध्ये मांडली.

कितीही मोठी माहिती घेतली तरी हॅश हे गणिती सूत्र तिचा ठरावीक लांबीचा ठसा काढतं. मूळ माहितीतला एक बिट बदलला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. उदाहरणापुरता शा-२५६ हा हॅश घेऊ. त्याचा ठसा ३२ बाइटांचा. २ गिगाबाइटची प्रणाली ४०९६ बाइटांच्या तुकड्यांत कापली, तर ५,२४,२८८ तुकडे होतात. प्रत्येकाचा ठसा काढायचा. ४०९६ बाइटांच्या एका पानावर असे १२८ ठसे मावतात, म्हणजे ठशांची ४०९६ पानं झाली. आता या पानांचेच ठसे काढायचे. ते ३२ पानांत बसतात. त्या ३२ पानांचे ठसे एकाच पानावर येतात आणि त्या पानाचा ठसा फक्त ३२ बाइट. कर्नलसोबत सही होते ती ठशांच्या या झाडाच्या मुळाशी असलेल्या ३२ बाइटांवर.

एखादा तुकडा वाचायची वेळ आली, की तो आणि त्याच्या वरची तीन पानं, असे चारच ठसे पडताळायचे. बाकीच्या पाच लाख तुकड्यांकडे बघायचीही गरज नाही. तपासणी सुरुवातीला एकदम होत नाही, वाचेल तसतशी होते. लिनक्स कर्नलमध्ये हे काम करणाऱ्या भागाचं नाव डीएम-व्हेरिटी. २०१२ मध्ये तो मुख्य कर्नलमध्ये आला.

या गणिताला चोर आणि मालक यांतला फरक कळत नाही. व्हायरसनं केलेला बदल आणि तुम्ही हौसेनं केलेला बदल, दोन्हींचे ठसे सारखेच चुकतात. त्यामुळे कुलूप असावं की नसावं, हा वाद मला पटत नाही. किल्ली कोण बदलू शकतो, एवढंच विचारायला हवं.

आणि इथं तो स्क्रू येतो. जुन्या क्रोमबुकांत बोर्डावर एक स्क्रू असा बसवलेला असतो, की त्याच्या धातूनं सर्किट जोडलं जातं आणि फ्लॅश चिपच्या त्या संरक्षित भागावर लिहिणं बंद राहतं. स्क्रू काढा, लिहिणं शक्य होतं. इंटरनेटवरून घुसलेला चोर स्क्रू काढू शकत नाही. यंत्र हातात असलेला माणूस काढू शकतो. मालकी सिद्ध करायला पासवर्ड नको, खातं नको, कुणाची परवानगी नको. नंतरच्या अनेक मॉडेलांत वेगळी सुरक्षा चिप आली आणि बॅटरी जोडलेली आहे का, यावरून तेच ठरवलं जाऊ लागलं. स्क्रू काढून स्वतःची सार्वजनिक किल्ली लिहायची, आपल्या फर्मवेअरवर स्वतः सही करायची आणि स्क्रू परत बसवायचा, हेही करता येतं. मग यंत्र फक्त तुमचंच ऐकतं.

बहुतेक लोक इतक्या खोलात जात नाहीत. ते स्वयंसेवकांनी बनवलेलं कोअरबूट चढवतात आणि हवं ते लिनक्स टाकतात. त्यांनी एक ध्यानात ठेवावं: ‘लिनक्समध्ये व्हायरस शिरतच नाही’ ही अंधश्रद्धा आहे. कोड खुला असला की तो तपासता येतो, पण तपासणारा लागतो. शिवाय सह्यांची जुनी साखळी तोडल्यावर डिस्कवर नजर ठेवणारं ते ठशांचं झाड आपोआप उगवत नाही. नियमित अपडेट घ्यावेच लागतात.

सगळ्याच यंत्रांत स्क्रू नसतो. इंटेलच्या बूट गार्ड या कुलपात उत्पादकाच्या किल्लीचा ठसा एकदाच जळणाऱ्या सूक्ष्म फ्यूजांमध्ये कोरला जातो. जळलेला फ्यूज परत जोडता येत नाही, म्हणून ती किल्ली यंत्राच्या अखेरपर्यंत उत्पादकाचीच. विंडोज आरटी या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीच्या यंत्रांवर सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होतानाची ही सह्यांची तपासणी, बंद करायची सोयच नव्हती. त्या प्रणालीबरोबर ती यंत्रंही अडगळीत गेली. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी हा धोका ओळखला होता. २००७ च्या जीपीएल-३ परवान्यात घरगुती उपकरणांसोबत बदललेला कोड चालवण्यासाठी लागणाऱ्या किल्ल्याही द्याव्यात, अशी अट आहे. लिनक्स कर्नल मात्र जीपीएल-२ वरच राहिला, त्यामुळे ही अट त्याला लागू नाही.

तुमच्याकडे मुदत संपलेलं असं यंत्र असेल तर आधी मॉडेलचं नाव शोधा आणि लिहिण्याची बंदी कशी उठते, आवाज आणि टचपॅड लिनक्सवर चालतात का, ते पाहा; काही मॉडेलांत आवाज रुसतो. मूळ फर्मवेअरची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. लिहिताना वीज गेली आणि चिप अर्धवट राहिली, तर बाहेरून प्रोग्रामर नावाचं चिपवर लिहिणारं उपकरण जोडून तीच प्रत परत चढवता येते.