वीस दिवस, दहा दिवस आणि आपलं तेर
तेर म्हटलं की आपल्याकडं गोरोबाकाका आठवतात आणि पैठण म्हटलं की नाथषष्ठी, पण ही दोन्ही गावं जवळजवळ २००० वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका व्यापारी पुस्तकात आहेत. पुस्तकाचं नाव पेरिप्लस, लिहिणारा कोण ते माहीत नाही, बहुतेक इजिप्तमधला व्यापारी असावा. तो म्हणतो, बरिगाझा म्हणजे भरूच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं मोठं शहर. पैठणहून गोमेदासारखे दगड, तगरहून साधं कापड आन् मलमल, सगळं गाड्यांवर लादून धड रस्ता नसलेल्या मुलखातून भरूचला.

आता तगर म्हणजे नेमकं कुठलं गाव, यावर अभ्यासकांचं बरीच वर्षं जमत नव्हतं. कुणी म्हणायचं दौलताबाद, कुणी जुन्नर. १९०१ मध्ये जुन्या शिलालेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी सांगितलं, तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर.

हे तुम्ही घरबसल्या तपासू शकता. मोबाईलवर नकाशा उघडा आणि सरळ रेषेत अंतर मोजा. भरूच ते पैठण साधारण ३५० किलोमीटर भरतं, भागिले वीस म्हणजे दिवसाला सतरा-अठरा. पैठण ते तेर साधारण १५०, भागिले दहा, दिवसाला पंधरा. बैलगाडीचा हिशोब दोन्हीकडं जवळपास सारखाच येतो की! दौलताबाद पैठणपासून जेमतेम ५५ किलोमीटर आणि तेही उत्तरेला, तिथं जायला दहा दिवस कशाला लागतील? जुन्नर तर पार उलट्या बाजूला, पश्चिमेला. दिशेत गडबड आहे हे खरं, कारण तेर पैठणच्या सरळ पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. पण त्या काळी अंतर दिवसांत मोजायचे आणि दिशा अंदाजानं सांगायचे, त्यामुळं माझ्या मते दिशेपेक्षा दिवसांवर जास्त भरवसा ठेवावा. शिवाय तेरच्या मातीतून त्या काळातल्या वस्तू निघाल्यात. तिथल्या म्युझियममधे हस्तिदंताची एक छोटी बाई आहे, तशीच एक इटलीत पाँपेईला सापडली, जे गाव इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं.

पण खरी गंमत पुढं आहे. नकाशावर अजून एक रेघ ओढा, पैठण ते कल्याण. साधारण २४० किलोमीटर! म्हणजे भरूचपेक्षा शंभर-एक किलोमीटर जवळ, मधे सह्याद्री आडवा आहे पण नाणेघाटासारखी वाट होतीच, मग एवढा माल लांबच्या भरूचला का न्यायचा? उत्तर त्याच पुस्तकात आहे. कल्याण बंदराच्या व्यापारावर त्या वेळी कडक बंधनं होती, चुकून तिथं लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भरूचला नेत. भरूच क्षत्रपांकडं, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांकडं, पैठण सातवाहनांचं, आणि दोघांचं हाडवैर, म्हणजे बंदरांवरूनच मारामारी चाललेली. पुढं गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षत्रप नहपानाला हरवलं आणि त्याच्याच चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा ठसा मारून ती पुन्हा बाजारात आणली. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या नाण्यांचा १३ हजारांहून मोठा साठा सापडला, त्यातल्या बहुतेक नाण्यांवर हा दुसरा ठसा आहे.